पाणी कमी होते, पण ओल कुठेच नाही : एका प्रीमियर पद्मिनीचे प्रकरण

गाडी १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, पहिल्या नोंदणीपासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि सध्या पुण्यात असते. मालकांची तक्रार एका वाक्यात सांगण्यासारखी होती : रेडिएटरमधले पाणी कमी होते आणि ते कुठे जाते हे कोणालाही दाखवता येत नाही. शहरातल्या फिरण्यात आठवड्याला पेलाभर पाणी घालावे लागे, तेव्हा ते चालवून घेतले जात होते. पण साताऱ्याला जाऊन आल्यावर, म्हणजे खंबाटकीचा चढ पार केल्यावर, पाऊण लिटरच्या आसपास पाणी लागू लागले आणि तापमानाचा काटाही घाटात पूर्वीपेक्षा वर राहू लागला, तेव्हा त्यांनी गाडी दुरुस्तीला दिली. पार्किंगमधली फरशी मात्र कोरडी होती. होज पाइप, त्यांच्या क्लिपा, खालचा कॉक, वॉटर पंपाखालची जागा, सगळे हाताने चाचपले तरी ओल लागत नव्हती. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ थर नव्हता आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत शिरत असल्याच्या नेहमीच्या खुणाही नव्हत्या.

ज्या गॅरेजमध्ये गाडी आधी दाखवली होती तिथे रेडिएटरच्या तोंडाला दाब तपासण्याचा हातपंप लावून पाहिला गेला. काटा हळूहळू खाली आला आणि बाहेर पाण्याचा थेंबही दिसला नाही. त्यावरून निदान झाले ते असे : दाब उतरतो, बाहेर काही दिसत नाही, म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जाते, म्हणजेच इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये बसून पाणी आणि वायू वेगळे ठेवणारे हेड गॅस्केट गेले. मिस्त्रींचे शब्द होते, "अहो, काटा खाली येतोय ना, मग गाडी पाणी खातेय. हेड खोलावंच लागेल." हे अनुमान वरवर निर्दोष वाटते, आणि त्यात नेमकी कोणती कडी निसटली आहे ते दाखवणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

हेड खोलणे हा या इंजिनाच्या बाबतीत साधा निर्णय नाही. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन मूळचे फियाट ११०० चे. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. चाळीस वर्षांत हेड धरून ठेवणाऱ्या, बिडात घट्ट बसलेल्या पोलादी स्टडभोवती ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरते आणि हेड जागेवरून सुटता सुटत नाही. ते ठोकून, उचकटून काढताना हेडच्या पृष्ठभागाला इजा होते, कधी स्टडच आटे घेऊन बाहेर येतो. शिवाय दर वेळी पृष्ठभाग सपाट करण्यासाठी फेसिंग मारताना हेडची जाडी थोडी कमी होते आणि ती परत मिळत नाही. मुंबईच्या टॅक्सींमुळे या गाडीचे सुटे भाग एके काळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत. पण पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या सुरुवातीलाच थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली, त्यामुळे चांगल्या स्थितीतले हेड आता शोधूनच मिळवावे लागते. म्हणून पुरावा हाती आल्याशिवाय हेडला पाना लावायचा नाही असे मालकांशी बोलून ठरले आणि गाडी माझ्याकडे तपासायला आली.

पहिला प्रश्न असा विचारला की खरोखर गळती आहे का. या गाडीच्या रेडिएटरला आजच्या गाड्यांसारखी पाणी परत ओढून घेणारी बाटली नसते. जादा झालेले पाणी तोंडाजवळच्या बारीक नळीतून सरळ रस्त्यावर पडते. पाणी २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणजे इंजिन आणि रेडिएटरमध्ये मिळून पाच लिटर पाणी धरले, तर पावणेदोनशे मिलिलिटर पाण्याला फुगण्यासाठी जागा लागते. रोज सकाळी कोणी तोंडापर्यंत पाणी भरत असेल, तर तेवढे पाणी रोज बाहेर टाकले जाणार आणि दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा खाली दिसणार. यात गळती कुठेच नाही, केवळ गाडी आपली नैसर्गिक पातळी धरते आहे. जुन्या गाड्यांच्या अशा कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. म्हणून वाहून जाणाऱ्या नळीच्या टोकाला एक पारदर्शक बाटली बांधली, वरच्या टाकीत पाणी तोंडाच्या दोन बोटे खाली ठेवले, आणि मालकांना सांगितले की पुढचे काही दिवस पाणी फक्त मोजपात्राने, थंड इंजिनात आणि त्याच खुणेपर्यंत घालावे.

याचा निकाल स्वच्छ निघाला. पाणी पूर्वीसारखेच कमी होत राहिले आणि बाटली, घाट चढून आल्यावरही, कोरडी राहिली. पाणी वाहून जाण्याच्या नळीने जात नाही हे तर सिद्ध झालेच, पण त्याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट यात दडली होती. रेडिएटरचे झाकण आतला दाब धरून ठेवते आणि तो मर्यादेबाहेर गेला की उघडून जादा पाणी त्या नळीत सोडते; या झाकणाची स्प्रिंग ०.५ बार दाबाला उघडणारी आहे. खंबाटकीच्या चढावर तापलेल्या इंजिनात दाब त्या मर्यादेजवळ पोचायला हवा. झाकण एकदाही उघडले नसेल, तर दाब तिथवर पोचतच नव्हता. झाकण वेगळे काढून तपासले, ते ठरलेल्या दाबाला बरोबर उघडत होते. मग गाडी चालवून आल्याबरोबर जाड फडक्याने वरचा होज पाइप दाबून पाहिला, तर तो मऊ लागला. हेड गॅस्केट फुटून सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असता, तर हाच पाइप इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात, पाणी नीट तापायच्या आधीच, कडक झाला असता. इथे चित्र नेमके उलटे होते.

तरीही नुसत्या हाताच्या अंदाजावर हेडला निर्दोष ठरवणे योग्य नव्हते. रेडिएटरमधले पाणी थोडे उतरवून तोंडावर निळ्या द्रावणाची परीक्षानळी बसवली आणि इंजिन गरम चालू असताना पाण्यावरची हवा त्या द्रावणातून ओढली. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड त्या हवेत असेल तर द्रावण पिवळे पडते. ते निळेच राहिले. चारही स्पार्क प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले, तर सर्वांवर सारखाच फिकट तपकिरी थर होता. ज्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपते तिथला प्लग वाफेने धुतल्यासारखा पांढरा स्वच्छ निघतो, तसा एकही नव्हता. कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाचे, चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते. यांतली कोणतीही एक चाचणी एकटी पुरेशी नाही, कारण अगदी बारीक भेग फक्त विशिष्ट तापमानाला उघडते आणि एखादी चाचणी चुकवून जाऊ शकते. पण चारही साक्षी एकाच बाजूने बोलत असतील तर त्यांचे ऐकले पाहिजे.

आता प्रकरण खऱ्या अर्थाने अडले. दाब उतरतो हे आधीच्या गॅरेजने पाहिले होते आणि मीही हातपंप लावून पाहिले. थंड इंजिनातही काटा संथपणे, पण न थांबता खाली येत होता. पाणी आत जात नाही हे चाचण्या सांगत होत्या आणि बाहेर पडत नाही हे डोळे सांगत होते. अशा वेळी आपण जे निरीक्षण म्हणून धरतो त्यात किती भाग खरा पाहिलेला आणि किती आपण मनाने जोडलेला, हे वेगळे करून पाहावे लागते. काटा खाली येतो याचा अर्थ दाब कमी होतो, एवढाच. पाणी कमी होते हे त्या काट्याने सांगितलेले नाही. हातपंपाने आपण पाणी भरत नाही, हवा भरतो. ती हवा वरच्या टाकीत, पाण्याच्या पातळीच्या वर साठते आणि पाण्यावर दाब देते. वाट पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाणी बाहेर येईल आणि दिसेल. पण तीच वाट पातळीच्या वर असेल, तर बाहेर येईल ती हवा, आणि हवा डोळ्यांना दिसत नाही. "काटा उतरला आणि पाणी दिसले नाही" या दोन खऱ्या गोष्टींतून "म्हणून पाणी आत गेले" असे म्हणताना ही तिसरी शक्यता गळून गेली होती.

त्यामुळे शोधायची जागा एकदम लहान झाली. इंजिनाचा ब्लॉक, त्याची भोके बंद करणारे कोअर प्लग, पंप, खालचा पाइप, रेडिएटरची जाळी हे सगळे पातळीच्या खाली येतात. पातळीच्या वर येते ते रेडिएटरच्या वरच्या टाकीचे छत, तोंडाची कॉलर, झाकणाची बैठक आणि टाकीच्या वरच्या काठाजवळचे सांधे. तेवढ्यावर साबणाचे दाट पाणी ब्रशने लावले आणि हातपंपाने झाकणाच्या मर्यादेइतकाच दाब दिला. त्याहून जास्त दाब जुन्या पितळी रेडिएटरला कधीही देऊ नये, कारण नसलेली गळती त्यातून तयार होते. तोंडाच्या कॉलरभोवती काही नव्हते. छतावर काही नव्हते. रेडिएटर बॉडीला ज्या पट्टीने बांधला जातो ती डाव्या बाजूची पट्टी टाकीला जिथे झाळलेली आहे, तिथे पट्टी आणि टाकी यांच्या घळीत मात्र मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येऊ लागले आणि थोड्या वेळात तिथे पांढऱ्या फेसाचा गोंडा जमला. मग साबण पुसून, टाकी अगदी तोंडापर्यंत पाण्याने भरून तोच दाब पुन्हा दिला. या वेळी हवेला जागाच नव्हती. थोडा वेळ काहीच झाले नाही, नंतर घळीच्या खालच्या टोकाला पाण्याचा एक मणी धरला, फुगला आणि पट्टीच्या मागून ओघळला.

पट्टीची ती बाजू इंजिनाकडे तोंड करून आहे आणि रेडिएटरला केव्हातरी काळ्या रंगाचा जाड हात दिलेला होता, त्यामुळे ती भेग सहज पाहून सापडणारी नव्हती. आरशाने आणि बॅटरीने पाहिल्यावर रंगाच्या पापुद्र्याखाली क्षाराची पांढरी कड दिसली. मग बॉनेटची आतली बाजू नीट पाहिली. तिथे, बरोबर त्या जागेच्या वर, टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट ठिपके विखुरलेले होते. आतापर्यंत सर्वांनी ते धूळ म्हणून सोडून दिले होते. ओल्या फडक्याने धूळ गेली, ठिपके राहिले. त्यांवर व्हिनेगरचा थेंब ठेवला तर त्यातून बारीक बुडबुडे सुटले. ते बोअरिंगच्या पाण्यातल्या चुन्याचे क्षार होते. गाडीत वर्षानुवर्षे सोसायटीच्या बोअरिंगचेच पाणी घातले जात होते.

आता सगळ्या लक्षणांचा मेळ बसला. गाडी थंड उभी असताना पाण्याची पातळी भेगेच्या खाली असते, म्हणून फरशी कोरडी. इंजिन तापले की पाणी फुगून पातळी वर चढते, पंप वरच्या पाइपातून टाकीत पाणी ढकलत असतो आणि ते आत घुसळत राहते, म्हणून भेगेतून तुषार बाहेर पडतात. पण टाकीचे पितळ तेव्हा नव्वद अंशांच्या आसपास तापलेले असते आणि पंख्याची गरम हवा मागे वाहत असते, त्यामुळे ते तुषार खाली पोचायच्या आधी सुकतात. गाडी थांबवल्यावर पंखा थांबतो, हेडमधली उष्णता पाण्यात उतरत राहते आणि दाब काही मिनिटे उलट वाढतो. नेमक्या याच वेळी बहुतेक गळत्या थेंबांनी आपली जागा सांगतात. इथे त्या क्षणी पंप बंद असल्याने पाण्याची घुसळण थांबते आणि भेगेतून येते ती मुख्यतः वाफ. माणूस गाडीखाली वाकून पाहत असतो आणि पाणी वरून निघून जात असते.

घाटातला मोठा तुटवडाही याच भेगेचा परिणाम होता, फक्त एक पायरी पुढचा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि इथे उघड्या भांड्यातले पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळते. ०.५ बारचे झाकण नीट काम करत असेल तर तोच उत्कलनबिंदू ११० अंशांच्या आसपास जातो, आणि ही बारा अंशांची शिल्लकच चढावर इंजिनाला तारून नेते. भेगेमुळे दाब धरलाच जात नव्हता, म्हणजे ही शिल्लक शून्याजवळ आली होती. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवतीचे पाणी सर्वांत आधी तापते. ते दाबाअभावी लवकर उकळू लागले, वाफेच्या बुडबुड्यांनी वरच्या टाकीतले पाणी उसळू लागले आणि भेगेतून तुषारांऐवजी सलग फवारा जाऊ लागला. पाणी कमी झाल्यामुळे इंजिन आणखी तापले आणि तापल्यामुळे पाणी आणखी गेले. आणखी काही घाट असेच चढले असते, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकून हेड गॅस्केट खरोखरच गेले असते, आणि मग मूळ निदान बरोबरच होते असे सर्वांना वाटले असते. या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

उपायांबद्दल लिहिताना हळदीचा उल्लेख टाळता येत नाही. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकण्याची रीत आपल्याकडे ट्रकवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांना माहीत आहे, आणि आडरस्त्याला अडकलेल्या माणसाने बारीक भोकाला हळद लावून घर गाठले तर त्यात वावगे काही नाही. इथे मात्र तिचा उपयोग शून्य होता. हळद पाण्याबरोबर फिरते आणि पाणी जिथून झिरपते तिथे जाऊन बसते. पातळीच्या वरच्या भेगेशी ती टिकून राहतच नाही, उलट जाळीच्या अरुंद नळ्यांत आणि हेडच्या वाटांत साचून राहते. बाजारात मिळणाऱ्या गळतीबंद पुड्यांनाही हेच लागू आहे. मालकांनी दोन्हीपैकी काही वापरले नव्हते, म्हणून आतल्या नळ्या तपासताना काम सोपे गेले.

रेडिएटर उतरवला तेव्हा भेगेचे मूळ कारण हाताशी आले. पट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये रबराच्या चकत्या असायला हव्यात. डाव्या बाजूच्या चकत्या कधीतरी झिजून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी लोखंडी वॉशर घालून बोल्ट आवळलेला होता. बॉडी खड्ड्यांवर जेवढी पिळते तेवढा पीळ रबराऐवजी झाळेवर येत राहिला. कथील आणि शिशाची झाळ पाणी अडवण्यासाठी उत्तम, पण वारंवार वाकवली तर ती थकते आणि केसासारखी तडकते. नुसती भेग बुजवली असती आणि वॉशर तसेच ठेवले असते, तर तीच झाळ पुन्हा गेली असती.

दुरुस्ती पुण्यातल्या एका जुन्या रेडिएटरवाल्या कारागिरांकडे झाली आणि त्यांचे काम पाहण्यासारखे होते. त्यांनी जुन्या झाळेवर नवा डाख चढवला नाही. पट्टी पूर्ण सोडवली, टाकीवरचा रंग आणि क्षार घासून पितळ उघडे केले, ते आम्लाने धुऊन दोन्ही पृष्ठांवर आधी कथलाचा पातळ मुलामा चढवला आणि मग पट्टी जागेवर धरून झाळली. ज्योत पट्टीवर ठेवायची, टाकीच्या सांध्याकडे जाऊ द्यायची नाही, यावर त्यांचे सारे लक्ष होते, कारण शेजारचा सांधाही त्याच झाळेवर उभा असतो आणि एक जोडताना दुसरा वितळणे सहज होते. त्याच वेळी खालची टाकी उघडून जाळीच्या नळ्यांत साफ करायची पातळ पट्टी फिरवून क्षार काढले. शेवटी सर्व तोंडे बंद करून, हवेचा दाब देऊन रेडिएटर हौदात बुडवला. बुडबुडा आला नाही.

गाडीत बसवताना दोन्ही बाजूंना नव्या रबरी चकत्या घातल्या आणि बोल्ट रबर दबेल इतकेच आवळले. बोअरिंगचे पाणी बंद करून डिस्टिल्ड पाण्यात ॲल्युमिनियमला चालणारे कुलंट मिसळून भरले. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि पितळ-तांब्याचा रेडिएटर असे वेगवेगळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडालेले असतात तेव्हा त्यांतले ॲल्युमिनियम आधी खाल्ले जाते, म्हणून या गाडीसाठी कुलंट हा चैनीचा भाग नाही. कुलंटमधले इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असल्याने काढलेले द्रावण कुत्र्या-मांजरांच्या वाटेत राहू देऊ नये, हेही मालकांना सांगितले.

बसवल्यानंतर हातपंपाने दिलेला दाब थंड इंजिनात स्थिर राहिला आणि गरम इंजिनातही राहिला. शहरात चालवल्यावर वरचा पाइप कडक लागू लागला. खंबाटकीचा चढ चढून आल्यावर वाहून जाण्याच्या नळीला बांधलेल्या बाटलीत प्रथमच तळाशी हिरवट पाणी दिसले. झाकण आता आपल्या मर्यादेपर्यंत पोचून उघडत होते, आणि पातळी खुणेवर स्थिरावल्यानंतर तेही थांबले. बॉनेटची आतली बाजू पुसून ठेवली होती, तिथे नवे ठिपके पडलेले नाहीत. हेड खोललेले नाही. उजव्या बाजूच्या पट्टीची झाळ मूळचीच आहे. तिनेही तेवढीच वर्षे पीळ सोसला असल्याने दर सर्व्हिसिंगला दाब देऊन तिच्या घळीत साबणाचे पाणी लावून पाहावे, असे मालकांच्या नोंदवहीत लिहून दिले आहे.